पाटी आमची, खोली त्यांची

२७ डिसेंबरच्या संध्याकाळी सातच्या सुमारास पुण्याची एक गाडी आमच्या अंगणात येऊन थांबली. नवरा-बायको, दोन मुलं आणि मागच्या सीटवर अवघडून बसलेल्या आजी. उतरता उतरताच ते गृहस्थ म्हणाले, "विहीर अगदी फोटोत होती तश्शीच आहे हो!" मी हसले, पण पोटात गोळा आला. आमच्या चारही खोल्या भरलेल्या होत्या आणि या आडनावाचं कुणी त्या दिवशी यायचं नव्हतं.

गुहागरला नारळी-पोफळीच्या वाडीत आमचं घर आहे. पंधरा वर्षं झाली, घरगुती राहण्या-जेवणाची सोय करतो. वाडी हे बघतात, स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात, आणि बुकिंग, फोन, वेबसाइट हे खातं माझं. वेबसाइट म्हणजे काय, तर पाच फोटो, दर आणि माझा नंबर. भाच्यानं कॉलेजात असताना करून दिलेली.

त्या गृहस्थांनी मोबाइलवर पावती दाखवली. वर आमच्या घराचं नाव, आमच्या विहिरीचा फोटो, सासूबाई मोदक वळताहेत तो फोटोसुद्धा. खाली "सी-व्ह्यू रूम, दोन रात्री, रु. ८,४०० आगाऊ मिळाले". आमच्याकडून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. पावतीवर जीएसटी नंबरही होता, जो आम्ही कधी घेतलेलाच नाही. आणि वेबसाइटचा पत्ता बघितला तर नाव आमचंच, मध्ये एक आडवी रेघ आणि 'स्टे' हा शब्द घातलेला, शेवटी .इनच्या जागी भलतंच शेपूट.

लांबून आलेल्या माणसांना, त्यातून म्हाताऱ्या बाईंना, रात्री कुठे पाठवणार? माजघरात गाद्या घातल्या. सासूबाईंनी काही न विचारता तांदूळ वाढवून घेतले. त्या गृहस्थांचा चेहरा मात्र असा झाला होता, की पैसे मीच घेतलेत आणि आता नाही म्हणतेय. त्यांचं काय चुकलं? मीही तसंच समजले असते.

भाच्याला फोन लावला. तो पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे. म्हणाला, "मामी, आधी त्यांना १९३० लावायला सांग. आत्ता. जेवण नंतर." हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. तक्रार ज्याचे पैसे गेले त्यानंच करायची असते, त्यामुळे ओटीवर बसून त्यांनी केली आणि मी शेजारी कागद-पेन घेऊन. पैसे कधी गेले, किती गेले, कोणत्या बँकेतून, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. हा क्रमांक हाताशी नसेल तर तिथेच दहा मिनिटं जातात. पैसे तीन दिवसांपूर्वी गेले होते, म्हणजे तसा उशीरच झाला होता. तरी पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. या व्यवस्थेची गंमत अशी, की पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे जिथे जिथे सरकले असतील, त्या त्या बँकेला निरोप जातो आणि जे उरलं असेल ते गोठवलं जातं. म्हणून पहिले काही तास सोन्याचे.

माझे पैसे गेले नव्हते. माझं नाव गेलं होतं. त्याची तक्रार मी cybercrime पोर्टलवर निराळी केली, संशयित वेबसाइट आणि फोन नंबर कळवायची तिथे वेगळी सोय आहे. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्जही दिला. तिथे कळलं की हे प्रकरण काही आमच्यापुरतं नाही. यात्रेकरू आणि पर्यटकांना बनावट बुकिंग-साइटींपासून सावध करणारं पत्रक केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं २०२५च्या एप्रिलमध्येच काढलं होतं. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची हॉटेलं, सोमनाथचं अतिथिगृह, आणि आता त्या पंगतीत आमची चार खोल्यांची वाडी.

पण साइट चालूच होती. नाताळ ते एक तारीख हा आमचा सगळ्यात गर्दीचा आठवडा, आणि रोज कुणी ना कुणी तिथे पैसे भरत असणार या विचारानं मला घास गोड लागेना. ती बंद कशी करायची हा प्रश्न होता. मला वाटायचं, इंटरनेटचं कुठेतरी एक ऑफिस असेल, तिथे कळवलं की झालं.

भाच्यानं समजावलं. वेबसाइटचं नाव एका दुकानातून घेतात, ती ठेवायची जागा दुसऱ्या दुकानातून. नाव विकणारा तो रजिस्ट्रार, जागा भाड्यानं देणारा तो होस्ट. दारावरची पाटी एकाकडून रंगवून घ्यायची आणि खोली दुसऱ्याकडून भाड्यानं घ्यायची, तसं. वर कधी कधी तिसरा एक दरवान असतो. तो खोलीच्या पुढे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलाच पत्ता सांगतो, खरी खोली कुठे ते दिसू देत नाही. चोरानं या तिघांनाही पैसे दिलेले असतात. तेही थोडेच. नवीन शेपटांची नावं पहिल्या वर्षासाठी शंभर रुपयांच्या आतसुद्धा मिळतात. माझ्याकडे एक ताट शाकाहारी जेवण त्याहून महाग आहे.

नाव कुणी घेतलं हे बघायला एक उघडी नोंदवही असते. आयकान नावाची संस्था जगातल्या नावांचा कारभार बघते, तिच्या साइटवर कुणीही नाव टाकून शोधू शकतं. मी टाकलं. नाव घेतल्याची तारीख निघाली १६ डिसेंबर, म्हणजे पाटी अकरा दिवसांची. मालकाच्या रकान्यात मात्र "गोपनीयतेसाठी झाकलेले". २०१८च्या मे महिन्यात युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी असंच असतं म्हणे. चांगल्या माणसाचा नंबर चोराला मिळू नये म्हणून केलेली सोय, चोराच्याही अंगावर तेवढीच छान बसते. पण त्याच पानावर खाली रजिस्ट्रारचं नाव आणि गैरवापर कळवायचा ईमेल असतो. तो द्यावाच लागतो. माझा धागा तिथून सुरू झाला.

माझं पहिलं पत्र आता वाचलं की मलाच हसू येतं. आमचं घर किती जुनं, सासूबाई किती कष्टाळू, तुम्हाला लाज कशी वाटत नाही. इंग्रजी भाच्याकडून सुधारून घेतलं होतं, राग माझा होता. दोन दिवसांनी उत्तर आलं. आम्ही फक्त नाव नोंदवतो, मजकूर आमच्याकडे नसतो, होस्टशी बोला किंवा कोर्टाचा आदेश आणा. नावाच्या मालकीचा वाद असेल तर लवादाकडे जा.

लवादाची चौकशीही केली. जिनिव्हाच्या संस्थेत एका पंचाकडून निवाडा करून घ्यायची फी १,५०० डॉलर, आणि आपल्याकडे ट्रेडमार्क असल्याचं दाखवायचं. आम्ही घराला आजेसासूबाईंचं नाव दिलं, त्याचा ट्रेडमार्क करायचा असतो हे कुणाला ठाऊक? भाच्याच्या ओळखीचे एक वकील म्हणाले, दिल्ली हायकोर्टात असे दावे पुष्कळ चालतात, पण मोठ्या कंपन्यांचे. प्रतिवादी कोण ते माहीत नसलं की दाव्यात 'अशोक कुमार' असं नाव घालतात. आमच्या सासूबाईंना अशोक कुमार म्हणजे सिनेमातला एकच ठाऊक. त्या म्हणाल्या, "त्या बिचाऱ्यानं काय केलं?"

मग होस्टकडे मोर्चा. पण दरवान पुढे असल्यामुळे होस्ट कोण ते कळेना. दरवानाच्या तक्रारीच्या फॉर्मवर सगळं भरलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही मजकूर साठवत नाही, तुमची तक्रार मूळ होस्टकडे पाठवली आहे, आणि मूळ होस्ट हा. शेवटी एक नाव मिळालं. कंपनी एका बेटावर नोंदवलेली, मशीनं युरोपात, आणि त्यांच्या पहिल्याच पानावर "आम्ही ग्राहकाची ओळख विचारत नाही, पैसे क्रिप्टोत द्या". जाहिरात म्हणून लिहिलेलं! आमच्या भागात एखाद्या लॉजवाल्यानं दारात अशी पाटी लावली तर त्याच रात्री पोलिसांची गाडी येईल.

इथे मला थोडं थांबायचंय. आम्ही पाहुणा आला की रजिस्टर काढतो. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, किती माणसं, सही. आधारची झेरॉक्स. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म. पोलीस अधूनमधून येऊन ते रजिस्टर बघतात, आणि मी कधी कटकट मानली नाही. आपल्या छपराखाली कोण झोपतंय हे आपल्याला माहीत असायला नको? आपल्याकडे सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०२२च्या एप्रिलमध्ये सर्व्हर आणि व्हीपीएन (इंटरनेटवर आपला पत्ता झाकायची सोय) भाड्यानं देणाऱ्यांनाही ग्राहकाची पडताळलेली नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा या धंद्यातले काही जण देशातली मशीनं उचलून बाहेर गेले. गोपनीयतेचा त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हे भाचा मला पटवत असतो. मला अर्धाच पटतो.

बेटावरच्या होस्टनं लगेच तक्रारीचा तिकीट नंबर दिला. दुसऱ्या दिवशी निरोप: "तुमची तक्रार आमच्या ग्राहकाला पाठवली आहे. त्याला चोवीस तासांची मुदत दिली आहे." मी तीनदा वाचलं. म्हणजे माझं नाव, माझा नंबर, माझं पत्र, सगळं चोराच्या हातात! त्या रात्री अडीच वाजता एका अनोळखी नंबरावरून व्हॉट्सअॅपवर हसणारा एक चेहरा आला. शब्द एकही नाही. ह्यांनी कुत्र्याला साखळीतून सोडलं आणि आम्ही दोघं पहाटेपर्यंत ओटीवर बसलो. कोण येणार होतं कुठल्याशा शहरातून? पण भीतीला भूगोल कळत नाही.

तिसऱ्या दिवशी होस्टचं नवं उत्तर, "दुवा उघडून पाहिला, पान रिकामं आहे. तक्रार बंद." मी उघडलं, तर माझ्याही कॉम्प्युटरवर रिकामं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात सुपाऱ्या काढायला आलेल्या गड्यानं स्वतःच्या मोबाइलवर उघडलं, तर विहीर, मोदक, सासूबाई, सगळं जागच्या जागी. भाच्यानं कारण शोधून काढलं. ती साइट भारतातल्या मोबाइल नेटवर्कवरून येणाऱ्यालाच दिसत होती. परदेशातून उघडलं, कॉम्प्युटरवरून उघडलं, किंवा आमच्या घरच्या वायफायवरून उघडलं, की कोरं पान. पाहुण्याला दिवा, पोलिसाला अंधार.

त्या जागरणाच्या रात्रींत मी बरंच वाचत बसले. हे सगळं जुनंच आहे. कितीही तक्रारी आल्या तरी न हलणाऱ्या अशा होस्टना 'बुलेटप्रूफ' म्हणतात. कॅलिफोर्नियात मॅकोलो नावाची एक कंपनी होती. ११ नोव्हेंबर २००८ला तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तिची जोडणी तोडली, आणि जगभरातली स्पॅम, म्हणजे नको असलेली ईमेल, एका दिवसात निम्म्याहून जास्त घटली. एका कंपनीची वायर काढली आणि एवढा फरक! त्याच सुमारास एस्टोनियातल्या एस्टडोमेन्स या रजिस्ट्रारची मान्यता आयकाननं काढायला घेतली. कारण काय, तर तिच्या प्रमुखाला, व्लादिमिर त्सास्त्सिनला, कार्डांच्या फसवणुकीत आणि बनावट कागदांत शिक्षा झाली होती. पुढे २०११मध्ये त्याच माणसाच्या टोळीनं जगभर चाळीस लाख कॉम्प्युटरांना चुकीच्या पत्त्यांवर वळवल्याचं उघड झालं आणि अमेरिकेत २०१६ला त्याला सात वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे पाट्या रंगवणाराच रस्त्यावरच्या दिशा फिरवत होता.

सगळ्यात डोक्यात राहिला तो जर्मनीतला बंकर. मोझेल नदीकाठी ट्राबेन-ट्रारबाख नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव, आणि तिथे लष्करानं सोडलेलं जमिनीखालचं पाच मजली तळघर. एका डच माणसानं ते विकत घेऊन आत सर्व्हर मांडले. मुलांच्या अत्याचाराची चित्रं आणि दहशतवाद सोडून काहीही ठेवा, आम्ही विचारणार नाही, अशी त्यांची ख्याती. २०१९च्या सप्टेंबरमध्ये सहाशेच्या वर पोलिसांनी छापा घातला. खटला ट्रियरला चालला. अडीच लाखांच्या आसपास गुन्ह्यांना मदत केल्याचा आरोप होता. २०२१च्या डिसेंबरमध्ये कोर्टानं गुन्हेगारी टोळी चालवल्याबद्दल त्यांना दोषी ठरवलं, मुख्य माणसाला पाच वर्षं नऊ महिने. पण त्या अडीच लाख गुन्ह्यांना मदत केल्याच्या आरोपातून सगळे सुटले. कुठल्या खोलीत नेमकं काय चाललंय हे त्यांना त्या त्या वेळी माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही. मी ते वाचून बराच वेळ आमच्या रजिस्टरकडे बघत बसले. न विचारण्याचा एवढा फायदा असतो तर!

आता मुद्द्याची गोष्ट. भाच्यानं आयकानचा रजिस्ट्रारांशी असलेला करार काढला. त्यात ५ एप्रिल २०२४पासून एक सुधारणा लागू आहे. नावाचा वापर फिशिंग (खोट्या पानावर गुप्त माहिती काढून घेणं), मालवेअर (घातक प्रोग्राम), बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटरांची फौज), फार्मिंग (खऱ्या पत्त्यावरून खोट्या साइटवर वळवणं) किंवा यांचा प्रसार करणाऱ्या स्पॅमसाठी होतोय याचा कारवाई करता येण्याजोगा पुरावा मिळाला, तर रजिस्ट्रारनं तातडीनं तो वापर थांबवायची पावलं उचलायचीच. कलम ३.१८.२. त्याच वर्षीच्या जुलैत .टॉप शेपटाच्या चिनी नोंदणीसंस्थेला आयकाननं या बाबतीत कराराच्या भंगाची नोटीसही दिली होती. म्हणजे कलम कागदावर झोपलेलं नव्हतं.

"मामी, तू 'आमचं नाव चोरलं' म्हणतेस. ते त्यांच्या यादीत नाही. तू 'फिशिंग' म्हण." आणि तसं होतंही. त्या साइटवर बुकिंगच्या फॉर्मात आधारचा फोटो आणि कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं मागत होते.

दुसरं पत्र मी अर्ध्या पानाचं लिहिलं. सासूबाई नाहीत, कष्ट नाहीत, राग नाही. पहिल्या ओळीत नाव आणि 'फिशिंग'. मग खरी साइट कुठली, खोटी कुठली. मग स्क्रीनशॉट, मोबाइलवरून काढलेले, पूर्ण पत्ता दिसेल असे, तारीख-वेळ भारतीय प्रमाणवेळेसह. फॉर्मात कार्ड मागणारं पान वेगळं. मग ओळ: ही साइट फक्त भारतीय मोबाइल नेटवर्कवरून दिसते, तपासताना तसं तपासा. १९३०च्या तक्रारीचा क्रमांक, त्या पुण्याच्या गृहस्थांना विचारून. शेवटी करारातलं ते कलम. हेच सगळं गूगलच्या धोकादायक साइटी कळवायच्या फॉर्मातही टाकलं. तिथून काम आधी झालं. दुसऱ्याच सकाळी क्रोममध्ये लाल पान येऊ लागलं.

रजिस्ट्रारचं उत्तर म्हणून काही आलंच नाही. पण ४ जानेवारीला सवयीनं नोंदवही उघडली तर स्थितीच्या रकान्यात नवा शब्द होता: 'क्लायंटहोल्ड'. म्हणजे रजिस्ट्रारनं नाव गोठवलं, आता ते कुठेच उघडणार नाही. मी ओरडलेच. सासूबाईंना सांगितलं, पाटी उतरवली. बेटावरची ती खोली बहुधा अजून तशीच असेल, भरलेली, पण तिथे पोचायचा रस्ता उरला नाही.

आनंद आठ दिवस टिकला. नवीन नाव आलं, 'स्टे'च्या जागी 'होम'. विहीर तीच, मोदक तेच. या वेळी पत्र तयार होतं, फक्त नाव आणि चित्रं बदलली. रजिस्ट्रार निराळा होता, एकोणीस तासांत काम झालं. मार्चमध्ये तिसरं. त्याला सहा दिवस लागले, कारण तिथल्या माणसानं मला ओळख पटवायला सांगितली. हो, मला! नाव विकताना ज्याला काही विचारलं नाही, त्याच्याविरुद्ध बोलायचं तर माझं आधार पाहिजे. दिलं, वर मोठ्या अक्षरांत 'फक्त तक्रारीसाठी' लिहून.

मधल्या काळात नकाशावरच्या आमच्या नोंदीत कुणीतरी फोन नंबर बदलून ठेवला होता, तो वेगळाच उपद्व्याप. आता दर सोमवारी सकाळी दूध तापायला ठेवलं की आमचं नाव शोधते, दोन-तीन प्रकारे स्पेलिंग करून, वायफाय बंद करून.

पुण्याच्या गृहस्थांचा फोन एप्रिलमध्ये आला. ८,४००पैकी ३,१०० कुठल्याशा तिसऱ्या खात्यात गोठलेले सापडले, आणि कोर्टाच्या आदेशानं परत मिळाले. त्या रात्रीचे पैसे मी घेतले नव्हते, ते पाठवू का म्हणाले. मी म्हटलं, आजींना घेऊन पुन्हा या, मग बघू. त्यांनी त्या रात्री आमच्या रजिस्टरात सही केली होती आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "बुकिंग कुठे केले ते देवाला माहीत, राहिलो इथे."

परवा नाशिकहून एका बाईंचा फोन आला. मे महिन्यात यायचंय, पण आधी विचारलं, "राग मानू नका, पण तुम्ही खरे ना?" मी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल फिरवला. विहीर दाखवली, चारही खोल्या दाखवल्या. मागच्या अंगणात सासूबाई आमसुलं वाळत घालत होत्या. त्यांनी मोबाइलकडे मान वळवून विचारलं, "कोण आहे? जेवायला किती माणसं?"